ब्रँच बदलायचा विचार आहे? आधी कारण वहीत उतरवा

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला, दोन विषय राहिले, की ‘माझी लाइनच चुकली’ असं वाटायला लागतं. कधी ते खरं असतं, पण बऱ्याचदा राग एका विषयाचा असतो आणि शिक्षा सगळ्या शाखेला होते. त्यामुळे अर्ज करण्याआधी तीन आठवडे एक वही ठेवा. रोज रात्री फक्त दोन ओळी लिहायच्या: आज कोणता तास नकोसा झाला आणि का.

तीन आठवड्यांनी ती वही वाचून काढा. एकाच विषयाचं किंवा एकाच शिक्षकांचं नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर ब्रँच बदलून काही सुटणार नाही. इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष बहुतांशी सगळ्या शाखांना सारखंच असतं. गणित राहिलं म्हणून मेकॅनिकल सोडून कॉम्प्युटरला गेलात, तर तिथेही गणित आहेच आणि जुना बॅकलॉगही सोबत येतो. ‘इंग्रजीतून कळत नाही’ असं वारंवार लिहिलं असेल, तर अडचण माध्यमाची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड, शाहूवाडीकडून मराठी माध्यमातून आलेल्या अनेक हुशार मुलांचं इथेच अडतं, आणि ती उगाच स्वतःला कमी लेखतात. संज्ञांची मराठी-इंग्रजी यादी करा, रोज दहा शब्द घ्या आणि एक सेमिस्टर थांबून पाहा. रोज दोन-तीन तास एसटीत जात असतील, तर आधी हॉस्टेलचं बघा.

विषय समजतोय, मार्कही बरे आहेत, तरी पुढच्या कामात मन नाही, असं वहीतून दिसलं तर मात्र बदलाचा विचार गंभीरपणे करा.

मग नव्या शाखेचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढा. पहिल्या वर्षावरून शाखेचा अंदाज येत नाही. त्यानंतर ते काम प्रत्यक्ष बघा. कोल्हापुरात असाल तर मेकॅनिकलसाठी उद्यमनगरातलं एखादं मशीन शॉप किंवा शिरोलीची फाउंड्री, कॉमर्ससाठी कर सल्लागाराचं ऑफिस, कायद्यासाठी कसबा बावड्याचं जिल्हा न्यायालय. विचारून गेलं की माणसं दाखवतात. दोन दिवस पुरेत.

ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हापासून ‘लॉ करू का?’ हा प्रश्न वाढला आहे. इथे हिशेब मांडा. बी.कॉम.ची दोन वर्षं झाली असताना ती सोडून पाच वर्षांच्या लॉला गेलात, तर अजून पाच वर्षं लागतील. पदवी पुरी करून तीन वर्षांचा लॉ केला, तर चारच. सीईटी दोन्हीकडे आहे. बारावीला गणित असेल, तर बी.एस्सी.नंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ताही उघडा असतो.

बदलायचंच ठरलं, तर पहिली चौकशी स्वतःच्याच कॉलेजात करा. इंजिनीअरिंगमध्ये दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला जागा रिकामी असेल तरच, पहिल्या वर्षाच्या गुणांवर ब्रँच बदलून मिळते. बी.ए., बी.एस्सी.ला नव्या शैक्षणिक धोरणानुसार बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय असतात आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षी ठरतो. म्हणजे त्या तिनांतच बदल हवा असेल, तर वर्ष वाया जात नाही. एबीसी खात्यात (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे पास झालेल्या विषयांचे क्रेडिट साठवणारं ऑनलाइन खातं) क्रेडिट जमा झालेत का, तेही तपासा. ते जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, पण त्यातले किती धरायचे हे नवं कॉलेज ठरवतं. ते लेखी घ्या.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाईत एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढल्यामुळे. नवा प्रवेश पक्का होण्याआधी जुना रद्द करू नका. व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख उलटली, की अनामत सोडून फी परत मिळत नाही.

शिष्यवृत्तीचं आधी विचारा. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला आठ लाखांची उत्पन्नमर्यादा आहे, आणि शिक्षणात दोन किंवा जास्त वर्षांचा खंड पडला तर ती अडते. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा जुना अर्ज दाखवून ‘कोर्स बदलला तर पुढचा हप्ता मिळेल का?’ एवढाच प्रश्न विचारा.

घरी सांगताना ही वही, नवा अभ्यासक्रम आणि वर्षांचा-पैशांचा हिशेब असलेला एक कागद वडिलांसमोर ठेवा. नुसतं ‘मला जमत नाही’ म्हटलं, तर त्यांना फक्त भरलेली फी दिसते.