सिक्युरिटीत लागताय? आधी एजन्सीचं लायसन बघा

हिंजवडी, खराडीला गार्डची भरती कायम चालूच असते, पण सही करायच्या आधी एजन्सीचं पसारा (PSARA) लायसन बघायला मागा, म्हणजे खासगी सिक्युरिटी एजन्सींसाठीच्या २००५च्या कायद्याचं, ते ऑफिसात लावलेलंच असायला हवं. गार्डला लागतं वय १८ पूर्ण आणि ६५च्या आत, पोलीस व्हेरिफिकेशन, ट्रेनिंग. केंद्राच्या मॉडेल नियमांत १०० तास वर्गात न् ६० तास फील्डवर आहे, एक्स-आर्मीवाल्यांना कमी. खरी गोम कागदात असते, ड्युटी ८ तास लिहितात आणि साइटवर १२ तास उभं करतात, तर वरच्या ४ तासांचा ओटी (ओव्हरटाइम) डबल रेटने लिहून घ्या, पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) मागा आणि युनिफॉर्मचे पैसे कापणार का तेही तिथल्या तिथे विचारा. अपॉइंटमेंट लेटरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवाच.