कीकॅड स्वतः कंपाइल करताना

कीकॅड हे सर्किट बोर्ड आखण्याचे मुक्त सॉफ्टवेअर विंडोजवर केवळ वापरायचे असेल, तर तयार इन्स्टॉलर उतरवून घ्यावा. सोर्स कोडपासून, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ मजकुरापासून, ते बांधण्याची (कंपाइल करण्याची) काहीच गरज नाही. हे मी आरंभीच सांगतो, कारण आमच्या भागातील अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी कंपाइल करणे हीच वापराची पहिली पायरी समजून आठवडा घालवतात आणि मग सॉफ्टवेअरचाच नाद सोडतात. सोर्सपासून बांधणी त्यानेच करावी, ज्याला आतला कोड वाचायचा आहे, त्यात काही बदलायचे आहे, किंवा एवढा मोठा सी प्लस प्लस प्रकल्प कसा उभा राहतो हे शिकायचे आहे.

माझे कारण शेतातून आले. औसा तालुक्यात आमची जमीन आहे. बोअरची मोटार रात्रीच्या पाळीत चालते आणि पाणी तुटले की ती कोरडीच फिरत राहते; सकाळी वाइंडिंग जळाल्याचे कळते. कोरडी चालणारी मोटार कमी करंट घेते, तेवढ्यावरून ती बंद करणारा बोर्ड मी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून घेतला. स्टार्टरच्या पेटीत हात घालणारे माझे वडील आणि आमचे सालगडी, म्हणून बोर्डावरची अक्षरे मराठीत असावीत अशी माझी इच्छा होती. त्याच सुमारास, म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये, कीकॅडची आवृत्ती ७ आली आणि संगणकातील नेहमीचे फाँट बोर्डावर वापरता येऊ लागले. मी अक्षरे टाकली, पण छापून आलेल्या बोर्डावर शिरोरेषा जागोजागी तुटली होती आणि जोडाक्षरे ओळखू येत नव्हती. कोडमध्ये अक्षराची आकृती नेमकी कुठे तयार होते, हे पाहण्यासाठी मी बांधणीकडे वळलो.

कीकॅडची सुरुवात १९९२ मध्ये ज्याँ-पिएर शारास यांनी फ्रान्समधील ग्रनोबल येथे केली आणि २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला. तीस वर्षांहून अधिक काळ वाढलेल्या अशा प्रकल्पाची बांधणी हा पहिला धडा असू नये, असे माझे ठाम मत आहे. आधी इकॅरस व्हेरिलॉग बांधावे. हा व्हेरिलॉग या डिजिटल सर्किटचे वर्णन करणाऱ्या भाषेचा मुक्त सिम्युलेटर असून त्याला बायसन, फ्लेक्स, जीपर्फ आणि ऑटोकॉन्फ एवढीच साधने प्रामुख्याने लागतात आणि साध्या लॅपटॉपवरही काही मिनिटांत तो तयार होतो. ऑटोकॉन्फची स्क्रिप्ट, मग कॉन्फिगर, मग मेक, मग मेक इन्स्टॉल, असा जुना आणि सरळ क्रम त्यात पाहायला मिळतो. त्यानंतर दोन इनपुटांचा अँड गेट लिहून सिम्युलेट केला की आपल्या हाताने बांधलेली वस्तू खरोखर चालते याची खात्री पटते. पुढच्या लांब कामात ही खात्री फार उपयोगी पडते.

या छोट्या बांधणीतच मला विंडोजचे पहिले वैशिष्ट्य कळले. मी सोर्स कोड विंडोजच्या गिटने (कोड उतरवण्याचे आणि त्यातील बदलांची नोंद ठेवण्याचे साधन) उतरवला होता आणि बांधणी एमसिस-२ या, विंडोजवर लिनक्ससारखी साधने देणाऱ्या संचाच्या टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करण्याच्या खिडकीत) चालवली. स्क्रिप्ट पहिल्याच ओळींवर अडली. आदेश बरोबर दिसत होता, तरी तो सापडत नाही असे उत्तर येत होते. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे असतात, लिनक्सच्या पद्धतीत एकच. विंडोजच्या गिटने फाइली उतरवताना ते जादा चिन्ह घातले होते आणि आदेश वाचणारा शेल त्याला आदेशाचा भाग समजत होता. एमसिस-२ च्याच गिटने कोड पुन्हा उतरवल्यावर अडचण संपली. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: ज्या वातावरणात बांधायचे, त्याच वातावरणातील साधनांनी कोड उतरवायचा.

एमसिस-२ इन्स्टॉल केले की स्टार्ट मेन्यूमध्ये एकापेक्षा अधिक टर्मिनल दिसतात आणि नवखा माणूस येथेच चुकतो. साध्या एमसिस टर्मिनलमधील कंपायलर असा प्रोग्रॅम बनवतो, जो लिनक्ससारखे वातावरण देणाऱ्या एका विशेष डीएलएलवर (प्रोग्रॅम चालताना जोडल्या जाणाऱ्या कोडच्या फाइलीवर) अवलंबून असतो. यूसीआरटी-६४ च्या टर्मिनलमधील कंपायलर मात्र थेट विंडोजचा प्रोग्रॅम बनवतो. आपल्याला दुसरा हवा. पॅकमन या एमसिस-२ च्या इन्स्टॉलरने पॅकेज आणताना त्याच्या नावाचा आरंभ याच टर्मिनलशी जुळला पाहिजे, नाहीतर लायब्ररी (इतरांनी लिहिलेला, आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) इन्स्टॉल होऊनही सापडत नाही.

आता फोल्डरविषयी. माझ्या लॅपटॉपवर विंडोजचे खाते उघडताना मी नाव देवनागरीत लिहिले होते, त्यामुळे माझ्या सर्व फाइलींच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे आणि मोकळी जागा आली. मराठी माणसाने आपले नाव मराठीत लिहावे यात चूक काही नाही, परंतु बांधणीची बरीच साधने अशा पत्त्यावर अडखळतात. एमसिस-२ तर साधी रोमन अक्षरे आणि मोकळी जागा नसलेला छोटा पत्ताच मागते. शिवाय विंडोजमध्ये पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि आत आत जाणाऱ्या लायब्ररींच्या फोल्डरांमुळे ती सहज ओलांडली जाते. म्हणून सी ड्राइव्हच्या मुळाशीच दोन-तीन अक्षरी नावाचे फोल्डर करावे. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये बांधणी मुळीच करू नये, कारण वनड्राइव्ह त्या फाइली इंटरनेटवर चढवत राहते आणि ऐन वेळी कंपायलरला फाइल मिळत नाही.

कीकॅड विंडोजवर दोन मार्गांनी बांधता येते: एमसिस-२ मधील मिनजीडब्ल्यू कंपायलरने किंवा मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओने. आवृत्ती ६ पासून अधिकृत विंडोज इन्स्टॉलर दुसऱ्या मार्गाने तयार होतात, त्यामुळे नवख्याने तोच धरावा. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते. तिच्यात सी प्लस प्लसच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमिंगचा संच निवडावा. दोन्ही मार्गांच्या सी प्लस प्लस लायब्ररी एकमेकींत मिसळत नाहीत. एका कंपायलरने बांधलेली लायब्ररी दुसऱ्याच्या लिंकरला (बांधलेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला) देण्याचा प्रयत्न मी केला होता. नावे तीच दिसत असूनही लिंकर ती सापडत नाहीत म्हणतो, कारण आतून नावे घडवण्याची दोघांची रीतच वेगळी आहे.

लायब्ररी म्हणजे काय, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा कीकॅडच्या यादीने अधिक नीट शिकवले. खिडक्या आणि मेन्यूंसाठी डब्ल्यूएक्स-विजेट्स, त्रिमितीय आकृत्यांसाठी ओपन कॅस्केड, सर्किटच्या सिम्युलेशनसाठी एनजी-स्पाइस, सर्वत्र लागणारे बूस्ट, आणि अक्षरांसाठी फ्रीटाइप, फाँटकॉन्फिग व हार्फबझ. यातील हार्फबझचे काम मराठी वाचकाला चटकन समजेल. ‘कि’ टाइप करताना आपण आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी देतो, पण कागदावर ती वेलांटी क च्या आधी येते. ‘सूर्य’ मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम यांतील ही जुळणी हार्फबझ करते. ते नावही फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि माझ्या आजोबांची शाळा उर्दूत झाली. त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

या सर्व लायब्ररी आणण्याचे काम मायक्रोसॉफ्टचे व्हीसीपॅकेज हे साधन करते. प्रकल्पातील यादी वाचून ते प्रत्येक लायब्ररीचा सोर्स उतरवते आणि आपल्याच संगणकावर बांधते. खरा वेळ येथे जातो. माझ्या आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर त्यात पूर्ण रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार गेली. पन्नास-साठ जीबी जागा मोकळी ठेवावी आणि लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करावी. आमच्याकडे वीज जाणे नवीन नाही, आणि त्या रात्री ती दोनदा गेली. जी लायब्ररी पूर्ण बांधून झाली, ती व्हीसीपॅकेज वेगळी साठवून ठेवते, म्हणून काम पहिल्यापासून करावे लागत नाही. मात्र वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली एखादी फाइल अर्धवट राहू शकते. कीकॅडच्या स्वतःच्या बांधणीत माझ्या बाबतीत तसेच झाले. नंतर लिंकर एका फाइलीला बिघडलेली म्हणू लागला. ती पाहिली तर तिचा आकार शून्य होता. ती पुसून बांधणी राबवणारे निंजा हे साधन पुन्हा चालवल्यावर काम पुढे गेले.

गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गिटने चालू केलेला क्लोन (कोडची प्रत उतरवणे) मध्येच तुटला तर तो तेथून पुढे चालू होत नाही. पुन्हा पहिल्यापासून उतरवावा लागतो. त्यावर उपाय म्हणून इतिहास वगळून केवळ शेवटची अवस्था उतरवता येते आणि कीकॅडच्या कोडसाठी मी तेच केले. व्हीसीपॅकेजसाठी मात्र ही युक्ती चालली नाही. लायब्ररींच्या ठरावीक जुन्या आवृत्त्या ते आपल्याच गिट इतिहासातून शोधते, आणि इतिहासच नसल्यामुळे ते थांबले. त्यासाठी मला लातूरला मित्राच्या खोलीवर जाऊन, चांगल्या जोडणीवर पूर्ण क्लोन घ्यावा लागला.

लायब्ररी झाल्यावर सीमेक हे साधन बांधणीचा आराखडा तयार करते आणि निंजा तो राबवतो. निंजा प्रोसेसरच्या गाभ्यांहून दोन अधिक कामे एकाच वेळी सुरू करतो. कीकॅडमध्ये पायथनसाठी यंत्राने तयार होणारी एक प्रचंड फाइल आहे; ती आणि तिच्यासोबत इतर जड फाइली एकदम आल्या की कंपायलर मेमरी संपल्याचे सांगून थांबतो. आठ जीबीवर एका वेळी दोनच कामे द्यावीत. वेळ अधिक लागेल, पण काम पूर्ण होईल.

आता एररविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या संपूर्ण उद्योगात शिकण्यासारखे हेच आहे. बांधणी थांबली की आपली नजर पडद्याच्या शेवटच्या ओळीवर जाते आणि ती ओळ फक्त एवढेच सांगते की बांधणी थांबली. एक फाइल फसली तरी त्या क्षणी चालू असलेली बाकीची कामे आपापला मजकूर छापत राहतात, त्यामुळे खरा दोष दोन-तीनशे ओळी वर गेलेला असतो. त्यातही एकाच फाइलीत शंभर एरर दिसले तर ते शंभर दोष नसतात. एक हेडर (कोडमधील नावांची ओळख सांगणारी फाइल) सापडला नाही की त्यात सांगितलेले प्रत्येक नाव अनोळखी ठरते. म्हणून सर्व मजकूर एका फाइलीत साठवावा, ‘फेल्ड’ हा शब्द जेथे प्रथम येतो तेथे जावे आणि त्याखालची पहिली एरर शांतपणे शेवटपर्यंत वाचावी. ती सापडत नसेल, तर एकाच कामाची मर्यादा घालून निंजा पुन्हा चालवावा. मग दोष आपोआप तळाशी येतो.

एरर कोणत्या टप्प्यावरची आहे, हेही ओळखले पाहिजे. सीमेकच्या टप्प्यावर अडले तर बहुधा लायब्ररी नाही किंवा तिचा पत्ता चुकला आहे. कंपायलर अडला तर हेडर किंवा आवृत्ती पाहावी. लिंकर अडला तर लायब्ररी वेगळ्या कंपायलरची किंवा वेगळ्या प्रकारची असू शकते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते वहीत लिहावे. सीमेक आपली जुनी उत्तरे एका कॅशे फाइलीत जपून ठेवते, त्यामुळे पत्ता दुरुस्त करूनही तीच एरर आली, तर बांधणीचे फोल्डर रिकामे करून पुन्हा सुरुवात करावी. हे न कळल्यामुळे माझे तीन दिवस गेले. तीनही दिवस माझी दुरुस्ती बरोबर होती.

बांधणी पूर्ण झाल्यावर प्रोग्रॅम उघडलाच नाही, तर घाबरू नये. १३५ ने संपणारा एरर कोड दिसला, तर एखादे डीएलएल सापडलेले नाही; ७बी ने संपणारा दिसला, तर बहुधा ३२ आणि ६४ बिटांची सरमिसळ झाली आहे. माझ्या संगणकावर पायथनचा आणखी एक मोठा संच होता आणि पाथमध्ये (विंडोज फाइली शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) तो आधी असल्याने त्याचेच डीएलएल उचलले जात होते. बांधणीच्या फोल्डरातून कीकॅड थेट चालवायचे असेल, तर त्यासाठीचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करावे लागते, हे कीकॅडच्या विकासकांसाठीच्या कागदपत्रांत दिलेले आहे. सुट्या भागांची चिन्हे आणि फूटप्रिंट (बोर्डावरील त्यांच्या जागेचे आराखडे) वेगळ्या भांडारांत असतात, ती वेगळी आणावीत.

पहिला बदल अगदी लहान करावा. मी खिडकीच्या शीर्षकात माझ्या तालुक्याचे नाव रोमन अक्षरांत जोडले आणि निंजा पुन्हा चालवला. हजारोंपैकी मोजक्याच फाइली कंपाइल झाल्या आणि शीर्षक बदललेले दिसले. पुढे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत मुलाखत झाली, तेव्हा गुणांपेक्षा या डीएलएलच्या शोधाविषयीच अधिक प्रश्न विचारले गेले. आज कंट्रोलरचे फर्मवेअर (यंत्राच्या आत बसणारा प्रोग्रॅम) बांधताना मी तेच सीमेक आणि तीच वही वापरतो.

ज्या अक्षरांसाठी हे सर्व केले, त्यांच्याविषयी सांगायचे राहिले. अक्षराची आकृती तयार होते त्या जागी मी प्रोग्रॅम मध्येच थांबवणारे थांबे (ब्रेकपॉइंट) लावून प्रत्येक बिंदू तपासला, तेव्हा कोडमध्ये काहीही चूक नव्हती. रफार जागेवर होता, वेलांटीही. मी निवडलेल्या फाँटच्या रेषा त्या आकारात एवढ्या बारीक होत होत्या की बोर्ड छापणाऱ्याच्या शाईला त्या झेपत नव्हत्या. जाड फाँट घेऊन अक्षरांची उंची वाढवली. आता स्टार्टरच्या पेटीतील बोर्डावर ‘पाणी नाही’ ही अक्षरे बॅटरीच्या उजेडात वडिलांना चष्म्याशिवाय वाचता येतात.