जुनी गाडी मिसिंग मारतेय? पार्ट बदलण्याआधी सिलिंडर शोधा

प्लग बदलले, वायरी बदलल्या, कार्बोरेटर धुऊन घेतला, तरी मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून न पेटल्याने बसणारे झटके, जात नाही. जुनी मारुती ८००, ओम्नी किंवा एस्टीम सांभाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार, आणि कोल्हापूरच्या जुलैत तर हमखास. अंदाजाने एकदम तीन पार्ट बदलले आणि गाडी सुधारली, तरी दोष कशात होता ते कळत नाही. नाही सुधारली, तर खिसा रिकामा आणि मिसिंग तसंच. म्हणून क्रम ठरवून घ्या: मिसिंग कधी येतं, कुठल्या सिलिंडरला येतं आणि का येतं. पाना त्यानंतर.

सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात: वेळेवर ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, आणि पुरेसं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबून आणलेला दाब. मिसिंगचा दोष या तिघांपैकी एकात असतो. क्वचित दोन एकत्र निघतात, आणि मग मेस्त्रीही वैतागतो.

कधी येतं ते लिहून काढा

चार-पाच दिवस नुसतं निरीक्षण करा आणि मोबाईलमध्ये टिपून ठेवा. निम्मं निदान इथंच होतं.

पावसात सकाळी थंड गाडी झटके देते आणि इंजिन तापलं की सुधारते, तर प्लगवायरी, डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) कॅप किंवा कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) यांतून ओलीमुळे करंट लीक होतोय असा पहिला संशय घ्या. सर्व्हिसिंगला प्रेशरने इंजिन धुतल्यावर सुरू झालेलं मिसिंगही बहुधा याच घरचं.

सपाट रस्त्यावर ठीक, पण पन्हाळ्याचा चढ लागला किंवा करूळ घाटातून गगनबावड्याकडे वर येताना गाडी दम तोडते, तर ठिणगी कमजोर असते किंवा पेट्रोल कमी पोचत असतं. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून अर्धवट खराब वायर गावात कुरकुर करत नाही, घाटात करते.

नुसत्या स्लोवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, थरथर आणि रेस दिली की गायब, तर कुठून तरी जादा हवा आत शिरतेय किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. गाडी तापल्यावरच त्रास होत असेल, तर कॉईलकडे बघा.

एक खबरदारी. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या पाईपातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भाग भाजून निघतो. बदलायला तो भलताच महाग.

कुठला सिलिंडर, ते पकडा

गाडी साधारण २०१० नंतरची असेल, तर मोबाईलला जोडायचा स्वस्त स्कॅनरही उपयोगी पडतो. त्यावर कोड दिसतो: पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसफायर (मिसिंग), पी०३०२ म्हणजे दुसऱ्याला. पी०३०० आला तर मिसफायर एकाच सिलिंडरपुरता नाही. कोड फक्त सिलिंडर सांगतो. ‘पी०३०२ आला म्हणजे दुसरा प्लग गेला’ असा अर्थ काढू नका. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना हा स्कॅनर बोलतच नाही. तिथं जुनी पद्धत.

इंजिन बंद करा. एका सिलिंडरची वायर प्लगवरून काढा आणि तिच्या टोकाला एक जादा प्लग लावा. त्या प्लगची लोखंडी बॉडी जंपर वायरने इंजिनच्या धातूला पक्की जोडा. आता गाडी चालू करून स्लोचा आवाज ऐका. चांगला सिलिंडर बंद केला असेल, तर इंजिन लगेच लंगडतं. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला होता. ८०० आणि ओम्नीला तीनच सिलिंडर, त्यामुळे फरक अगदी ठळक कळतो. एकामागून एक सगळे तपासा.

चालू इंजिनवर हाताने वायर उपटून बघणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. करंटचा फटका जोरात बसतो, आणि मोकळी सोडलेली वायर कॉईल किंवा इग्निशन मॉड्यूल उडवू शकते. हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी या कामात हातच घालू नये. इंजेक्शनच्या गाडीत वायरीऐवजी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं सॉकेट काढा. पेट्रोलच थांबतं, त्यामुळे कन्व्हर्टरही वाचतो.

आता ठिणगी

इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढा. प्लग ज्यात बसतात ते हेड (सिलिंडरांवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना जोर लावला तर आटे निघून येतात. प्लग ज्या सिलिंडरचे, त्याच क्रमाने कागदावर मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर, ओलसर तेलकट काळं म्हणजे ऑईल आत येतंय, पांढरंफटक म्हणजे हवा जास्त किंवा प्लग जादा तापतोय.

पण नुसतं टोक बघून प्लग परत लावू नका. वरचा पांढरा चिनीमातीचा भाग पुसून उजेडात फिरवा. पेन्सिलने उभी ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी आत न जाता बाहेरूनच बॉडीला उतरतेय. हा प्लग बाद. आणि त्यावर बसणाऱ्या वायरीच्या रबरी टोपीच्या आतही तशीच रेघ उमटलेली असते. नुसता प्लग बदलून जुनी टोपी तशीच ठेवली, तर थोड्याच दिवसांत नव्या प्लगवर तीच रेघ येते आणि मालक म्हणतो, नवा प्लगही डुप्लिकेट निघाला.

डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आत तेच शोधा: दोन टोकांच्या मधून गेलेल्या काळ्या रेघा, तडा, मधला झिजलेला कार्बन, रोटरचं जळकं टोक. प्रीमियर पद्मिनीसारख्या पॉइंटच्या (करंट तोडणाऱ्या यांत्रिक स्विचच्या) गाडीत पॉइंट आणि कंडेन्सरही बघून घ्या. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनच्या वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. लीक असलेल्या जागी निळी ठिणगी उडताना दिसते. हात, ओढणी, मफलर फॅनपासून लांब ठेवा.

यातून काही निघालं नाही, तर अदलाबदल. झोपलेल्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा आणि परत तपासा. मिसिंग प्लगबरोबर सरकलं, तर दोष प्लगचा. जागेवरच राहिलं, तर आता वायर. वायरींची लांबी वेगवेगळी असेल तर मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजून ताडून बघा. लांब वायरीचा थोडा जास्त येणारच, पण एखादीचा भलताच जास्त आला तर ती काढा. एका वेळी एकच वस्तू हलवायची. हा नियम मोडला की सगळी मेहनत वाया.

नवा प्लग आधी हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. प्लगची गॅप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, अंदाजाने ठोकू नका.

पेट्रोल आणि हवा

मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळीकडे) जाणारे व्हॅक्यूमचे रबरी पाईप एकेक चिमटून बघा. चिमटल्यावर स्लो सुधारला, तर हवा त्याच बाजूने शिरतेय. ब्रेक बूस्टरचा पाईप विसरू नका. सांध्यांवर साबणाचं पाणी थोडं शिंपडलं तरी आवाज बदलतो. काहीजण कार्ब क्लीनर मारतात, पण गरम इंजिनवर तो भडकू शकतो.

पेट्रोल फिल्टर स्वस्त आहे, शंका असेल तर बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. उसाच्या जिल्ह्यात त्याला नाव ठेवणं जड जातं, पण जुन्या गाडीचे रबरी पाईप, वॉशर आणि डायफ्रॅम त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात. शिवाय इथेनॉल ओल शोषतं. गाडी पावसाळाभर उभी असेल, तर पाणी टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत मोकळ्या हवेत काढून स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला, तर टाकी रिकामी करा.

गॅस किट असेल तर

एलपीजी किंवा सीएनजीवर मिसिंग, पेट्रोलवर ठणठणीत, असं असेल तर लगेच किटला दोष देऊ नका. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमजोर वायर आधी गॅसवर उघडी पडते. वर्षानुवर्षं गॅसवर पळालेल्या ओम्नीत आणखी एक गोष्ट होते: व्हॉल्व्हची सीट झिजते, टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) गॅप बंद होत जाते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि शेवटी जळतो. टॅपेट वाजत नाहीत म्हणून मालक खूश असतो, आणि कॉम्प्रेशन निघून जात असतं.

कॉम्प्रेशन

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक, तरी तोच सिलिंडर मेलेला असेल, तर कॉम्प्रेशन गेज लावून घ्या. सगळे प्लग काढलेले, कॉईलची जोडणी आणि पेट्रोल बंद, बॅटरी भरलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब होईपर्यंत स्टार्टर फिरवा. आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक बोलका असतो. १५ टक्क्यांच्या वर गेला तर काळजी. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन एकदम कमी आले आणि कूलंटही घटत असेल, तर गॅस्केट त्यांच्या मधोमध फाटलेलं असण्याची शक्यता जास्त.

हेड उतरवायची वेळ आली, तर व्हॉल्व्ह आणि सीटचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगलं होतं. हेड नेताना हे आकडे कागदावर लिहून द्या, जळलेला व्हॉल्व्ह परत मागून घ्या, आणि हेड चढवल्यावर टॅपेटची गॅप पुस्तकात दिलेल्या मापाने सेट करून तुमच्यासमोर फिलर गेजने दाखवायला सांगा.