ठिबक चोकअप झालंय की दाब कमी पडतोय? आधी मोजा, मग ॲसिड सोडा

ठिबक बसवलं म्हणजे पाणी वाचलं, असं नसतं. वरच्या कपाशीखाली चिखल आणि धुऱ्याजवळची सुकलेली, असं दिसायला लागलं की लोक थेट ॲसिडचा कॅन आणतात. घाई करू नका.

मोटर चालू करून दाब स्थिर होऊ द्या. औषध मोजायचं 100 मिलीचं माप ड्रिपरखाली बरोबर 36 सेकंद धरा. मिलीला 10 नं भागलं की ताशी लिटर मिळतात, म्हणजे 4 लिटरच्या ड्रिपरखाली 40 मिली पडायला हवं. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या नळीवर सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला असे नऊ ड्रिपर मोजा, त्यांना रंगीत चिंधी बांधा, आकडे लिहून ठेवा.

टोकाकडे पाणी हळूहळू कमी होत गेलं, तर दोष बहुधा दाबाचा. एका वेळी जास्त व्हॉल्व्ह उघडलेत, रात्रीच्या लाईटला व्होल्टेज पडतंय, किंवा खारीनं नळी कुरतडलीय. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या मीटरमध्ये अर्ध्या किलोचा (चौरस सेंटिमीटरला) फरक असेल, तर आधी जाळी धुवा. पण शेजारशेजारच्या ड्रिपरमध्ये एक 38 आणि एक 15 असेल, तर ते चोकअप.

मग एक ड्रिपर कापून उघडा. आत पांढरी खरपुडी असेल, तर तिच्यावर ॲसिडचा थेंब टाका. फसफसली तर चुन्याचा क्षार. आपल्याकडच्या बोअरला हेच जास्त. हिरवं, बुळबुळीत निघालं तर ते शेततळ्याचं शेवाळ. त्याला क्लोरीन लागतं, ॲसिड नव्हे. दोन्ही कधीच एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

ॲसिडचं प्रमाण शेजाऱ्याला विचारून ठरत नाही, कारण प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं. प्लास्टिकच्या बादलीत आपलंच 10 लिटर पाणी घ्या. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड एकेक मिली टाकत, ढवळत, पीएच पट्टीवर 4 येईपर्यंत जा. समजा 8 मिली लागलं, म्हणजे लिटरला 0.8 मिली. एका व्हॉल्व्हवर 4 लिटरचे 3000 ड्रिपर असतील तर ताशी 12,000 लिटर पाणी जातं, 15 मिनिटांत 3000. ॲसिड लागेल 2.4 लिटर. हातमोजे आणि चष्मा घाला. नेहमी पाण्यात ॲसिड ओता. ॲसिडमध्ये पाणी ओतलं तर उसळून तोंडावर येतं.

त्याआधी सबमेनचा, म्हणजे ठिबक नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपचा, फ्लश व्हॉल्व्ह उघडून गाळ काढा, मग चार-पाच नळ्यांची टोकं एकावेळी उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. हे टाळलं तर सुटलेला गाळ पुढच्या ड्रिपरात जाऊन बसतो. आता व्हेंचुरीतून, म्हणजे पाइपात खत-औषध ओढून घेणाऱ्या साधनातून, 15 मिनिटं ॲसिड सोडा. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्यावर पट्टी 4 दाखवते का, ते बघा. दाखवली की मोटर बंद, 24 तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी टोकं उघडून धुवा.

चिंध्यांचे तेच नऊ ड्रिपर परत मोजा. जो अजूनही 30 मिलीच्या खाली आहे, तेवढा इनलाइन (ड्रिपर आतच असलेल्या) नळीचा तुकडा कापून जॉइनर टाका. आणि खत सोडताना कॅल्शियम नायट्रेट 12:61:00 या स्फुरदाच्या खतासोबत एकाच टाकीत घातलंत, तर पांढरा साका पुन्हा तिथंच बसेल. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी सोडा.