पक्ष्यांची यादी कशी ठेवायची: साताऱ्याच्या गच्चीपासून मेलबर्नपर्यंत

सकाळी सातला चहाचा कप घेऊन गच्चीत बसलं आणि अर्धा तास मोबाईल खिशात ठेवला तर साताऱ्यात आमच्या कॉलनीत सुद्धा दहा-बारा जातीचे पक्षी आरामात दिसतात, त्यामुळे जगभरचे पक्षी बघायची हौस असेल तरी सुरुवात इथनंच करा. लोक आधी कर्ज काढून कॅमेरा घेतात, मग भरतपूरच्या पक्षी अभयारण्याला जायचं तिकीट काढतात, आणि दारातल्या दयाळाचं नाव विचारलं की "तो काळा-पांढरा कुठलातरी" म्हणतात.

जगात पक्ष्यांच्या साधारण अकरा हजार जाती आहेत. पीटर केस्टनर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फिलिपाईन्समध्ये स्वतःच्या यादीत दहा हजारावी जात लिहिली. आपल्याला काय तेवढं करायचं नाहीये, पण पद्धत त्याची आणि आपली एकच.

आधी दुर्बीण. ८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, जेवढा मोठा तेवढा उजेड जास्त. १० बाय ५० ची हाव धरू नका, जड असते, हात हलतो आणि पानाआडचा शिंजीर सापडेपर्यंत उडून जातो. बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण उजव्या नळीवर एक वेगळी रिंग असते: उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला फोकस करायचा, मग डावं झाकून चाकाला हात न लावता ती रिंग फिरवून उजव्या डोळ्याला, की झालं. मी ही रिंग दोन वर्षं फिरवलीच नव्हती आणि डोकं दुखतं म्हणून चष्म्याचा नंबर तपासत होतो.

आता मुद्द्याचं. आधी वर्णन लिहा, नाव नंतर. हे मी मेलबर्नला शिकलो. लेकीकडे तीन महिने गेलो होतो, पहिल्याच सकाळी कुंपणावर पिवळी चोच, डोळ्यामागे पिवळं, अंगाने साळुंकीएवढा आणि कलकलाट तसाच, मी लगेच वहीत "साळुंकी, ६" लिहून मोकळा. लेक म्हणाली, बाबा, साळुंकी बघायला एवढ्या लांब आलात का? नशीब एवढंच की खाली सवयीने दोन ओळी खरडल्या होत्या: "अंग राखाडी, गाल काळे, उडताना पंखात पांढरं दिसलं नाही." रात्री वाचलं आणि ट्यूब पेटली. आपली साळुंकी तपकिरी असते आणि उडाली की पंखात पांढरा ठिपका लख्ख दिसतो. हा होता नॉइझी मायनर, तिथलाच, फुलातला मध खाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातला, साळुंकीचा लांबचा सुद्धा नातेवाईक नाही. इंग्रजीत साळुंकीला मायना म्हणतात आणि ह्याला मायनर, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. चार दिवसांनी खरी साळुंकी पण दिसली, ती १८६२ च्या सुमारास किडे खायला म्हणून लोकांनीच तिकडे नेऊन सोडलेली आहे. आता ती तिथे पक्की स्थायिक झालीये, म्हणून यादीत धरायला हरकत नाही. पिंजऱ्यातला किंवा प्राणिसंग्रहालयातला पक्षी मात्र धरायचा नाही.

तर वहीत काय लिहायचं? आकार (चिमणीएवढा, कबुतराएवढा), चोच, पाय, उडताना काय दिसलं, काय करत होता. मग पुस्तक उघडा किंवा मर्लिन ॲप. मर्लिन आवाज ऐकून नाव सुचवतं, भारी आहे, पण ते सुचवतं एवढंच, पक्षी डोळ्याने बघितल्याशिवाय किंवा आवाज स्वतःला ओळखता आल्याशिवाय मी लिहीत नाही. यवतेश्वरच्या घाटात पावसाळ्यात शीळकरी कस्तुर एखादं पोरगं शिट्टी मारत चालल्यासारखा गातो, तो दिसला नाही तरी मी धरतो. काही लोक नुसता ऐकलेला धरत नाहीत. तुमचा नियम काय तो एकदाच ठरवा आणि दर ट्रिपला बदलू नका.

प्रत्येक यादीवर ठिकाण, तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती चाललात आणि प्रत्येक जातीचे किती पक्षी, एवढं हवंच. तारखेत महिना अक्षरात लिहा, कारण आपलं ५/११ म्हणजे ५ नोव्हेंबर आणि अमेरिकेत तेच ११ मे होतं. आकडा न टाकता "खूप" लिहिलं तर पुढं त्याचा काही उपयोग नाही. हिवाळ्यात मायणीला किंवा येरळवाडीला तलावावर पट्टकादंब बसलेले असले की मोजायचं कसं? आधी नीट दहा मोजा, ते दहा केवढ्या जागेत बसतात ते डोळ्यात ठेवा, मग तेवढे तुकडे थव्यावर टाकत जा. दहाच्या पटीत येतं, थोडं चुकतं, पण "खूप" पेक्षा शंभर पट बरं.

वही पाहिजेच, पण जोडीला ईबर्ड ठेवा, पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाईट आणि ॲप, फुकट आहे, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र केंद्राने २००२ मध्ये सुरू केलंय. देशाची, राज्याची, वर्षाची, आयुष्यभराची अशी सगळी यादी ते आपोआप लावून देतं. परदेशी जायच्या आधी त्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक ॲपमध्ये वायफायवर उतरवून घ्या, नेट नसलं तरी चालतं. शेवटी ते विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का? "हो" म्हणायचं असेल तर कावळा, पारवा, घार सगळं आलं पाहिजे, नुसते भारीभारी टाकून "हो" म्हणणं म्हणजे फसवणूक. आणि सातारा ते कास अशी एकच लांबलचक यादी करू नका, घाटाची वेगळी, तलावाची वेगळी. सांगलीवाल्यांनी हरिपूरचा संगम आणि सागरेश्वर एकात घालू नये, नदीचे पक्षी वेगळे, डोंगराचे वेगळे.

बाहेरच्या देशात नावं फार फसवतात. इंग्लंडचा रॉबिन वेगळा, अमेरिकेचा रॉबिन म्हणजे कस्तुर कुळातला, आणि आपला इंडियन रॉबिन म्हणजे चिरक. म्हणून शास्त्रीय नाव पण लिहून ठेवायचं. शास्त्रज्ञ जातींची वाटणी करत असतात ते आणखी वेगळंच: २०२४ मध्ये ईबर्डवर गव्हाणी घुबडाच्या तीन जाती झाल्या, अमेरिकेची, युरोप-आफ्रिकेकडची आणि आपल्याकडची, म्हणजे ज्याने साताऱ्यात आणि इंग्लंडात दोन्हीकडे बघितलं होतं त्याची यादी घरबसल्या एकाने वाढली. ठिकाण लिहिलेलं नसेल तर कुठलं कुठे धरणार?

सुरुवातीला मुहूर्त हवा असेल तर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे जगभर पक्षी मोजायचा कार्यक्रम, असतो, पंधरा मिनिटांची यादी पण चालते. नाहीतर आपला पक्षी सप्ताह, ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी अभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला.

घरट्याचा फोटो आणि घुबडाची जागा ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे वीस माणसं आणि फ्लॅश असतात.

आणि ओळख पटली नाही तर तसंच लिहा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली गवताला लागून तरंगत जाणारी भोवत्या नावाच्या शिकारी पक्ष्याची मादी दिसली, तपकिरी, शेपटीच्या बुडाला पांढरं, पण माँटेग्यूचा भोवत्या का पांढुरका ते मानेवरचं नीट दिसल्याशिवाय सांगता येत नाही. बरोबरचा मित्र म्हणाला, टाक की एक कुठलातरी, कोण बघतंय. मी "भोवत्या, जात पक्की नाही, १" लिहिलं, आणि येत्या डिसेंबरात थंडी पडली की परत जाणारे.