नेम चुकवायचा तर लय मोडा

म्हापशाच्या मैदानावर फुटबॉल खेळणारा पोरगा बचावपटूला खांदा डावीकडे दाखवतो आणि निघतो उजवीकडे. तोच पोरगा बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ उघडला की घड्याळाच्या लंबकासारखा हलतो! समोरच्याला ती लय लगेच कळते. बदल दिसून हात हलायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, म्हणून फायदा वेगापेक्षा अचानक दिशा बदलण्यात. दोन आखूड पावलं डावीकडे, एक लांब उजवीकडे, मध्येच बसा, पुन्हा उजवीकडेच. उडी जपून मारा. हवेत दिशा फारशी बदलता येत नाही. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक या संगणकावरच्या गोळीबाराच्या खेळांमध्ये मात्र पळताना मारलेली गोळी भरकटते. तिथे उलट दिशेचं बटण क्षणभर दाबून थांबा, गोळी झाडा, लगेच सरका.