सोलापुरात ए. ए. ची मीटिंग कशी शोधावी

दारू सोडायची आहे, असे माणूस स्वतःशी कबूल करतो तेव्हा त्याच्या हाताशी फार वेळ नसतो. तो निश्चय दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत टिकेलच असे नाही. म्हणून ए. ए. च्या, म्हणजे दारू सोडू पाहणारे एकत्र येऊन बोलतात त्या संघटनेच्या, मीटिंगचा शोध त्याच दिवशी सुरू करावा. घरच्यांनी फोन लावून द्यावा, सोबत यावे, पण फोनवर बोलणे शक्यतो पिणाऱ्यानेच करावे.

शोधापूर्वी प्रकृतीचा विचार करावा लागतो. सकाळी हात थरथरू नयेत म्हणून ज्याला उठल्याउठल्या घोट घ्यावा लागतो, त्याने एकाएकी दारू बंद करणे धोक्याचे आहे. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यानंतर भास होणे, घाम, ताप, भान हरपणे अशी अवस्था येऊन जिवावरही बेतू शकते. अशा माणसाला आधी छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला सिव्हिल म्हणतो तिथे, मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. फिट आली किंवा भान गेले तर विनाविलंब 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. मीटिंग ही औषधोपचाराच्या जोडीने चालते, त्याच्या जागी नव्हे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच ए. ए., ही 1935 मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेली संघटना आहे. त्यांतला एक शेअर बाजारात काम करणारा होता, तर दुसरा शल्यचिकित्सक. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट आहे. फी नसते, सदस्य खर्चापुरती ऐच्छिक वर्गणी देतात आणि नव्या माणसाने काही दिले नाही तरी चालते.

ए. ए. ची भारतातील मध्यवर्ती कचेरी मुंबईत आहे. तिच्या संकेतस्थळावरून किंवा हेल्पलाइनवरून सोलापूरच्या गटांची माहिती मागावी. सिव्हिलमधील मनोविकार विभागात, किंवा ज्या खासगी मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार चालू असतील त्यांच्याकडेही विचारावे, कारण व्यसनाचे रुग्ण रोज पाहणाऱ्यांना अशा गटांची माहिती बहुधा असते. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि मन फारच खचले असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे 1986 पासून हे काम करत आहे, ज्यांनी उपचार घेतले असतील त्यांनी नंतरच्या पाठपुराव्याबद्दल तिथेच विचारावे.

पत्ता मिळाला की लगेच निघू नये, आधी फोन करावा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण एकदा मी शेजारच्या एका गृहस्थांना जुन्या पत्त्यावर घेऊन गेलो आणि खोलीला कुलूप होते. गट दुसरीकडे गेला होता. ते मुकाट्याने परत फिरले आणि पुढचे तीन महिने पुन्हा यायला तयार झाले नाहीत. मीटिंगा बहुतेक वेळा शाळेच्या वर्गात, चर्चच्या किंवा संस्थेच्या खोलीत भरतात आणि बाहेर मोठी पाटी नसते, म्हणून वार आणि वेळ यांच्याबरोबर कोणत्या दाराने आत यायचे हेही विचारून घ्यावे. मीटिंग खुली आहे की बंद, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे: खुल्या मीटिंगला नातेवाईक येऊ शकतात, बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःचे पिणे थांबवायचे आहे त्यांच्यासाठी असते. आपल्या शहरात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारे हजारो लोक आहेत. मनातले ज्या भाषेत बोलता येते ती तिथे चालेल का, हे संकोच न करता विचारावे. यंत्रमागावर किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्याने पाळी बदलली तरी पुढच्या आठवड्यात जमेल असा वार निवडावा; जमत नसेल तेव्हा ऑनलाइन मीटिंगांचा आधार घ्यावा.

खरा अडसर बहुतेकदा पत्त्याचा नसतोच. कोणी पाहिले तर काय, ही भीती असते, आणि नव्या पेठेत दहा पावले चालताच ओळखीचे कोणी भेटते अशा शहरात ती खोटीही म्हणता येत नाही. परंतु त्या खोलीत जो आपल्याला पाहील तो स्वतःही त्याच कारणाने तिथे आलेला असतो, आणि तिथे ऐकलेले व पाहिलेले बाहेर न्यायचे नाही ही गटाची रीत असते. तरीही मन धजत नसेल तर सुरुवातीला घरापासून लांबचा गट निवडण्यात काहीच गैर नाही. जुळे सोलापूरच्या माणसाने पहिले काही आठवडे शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे.

पहिल्या दिवशी दहा मिनिटे आधी पोहोचावे आणि आपण नवीन आहोत एवढे सांगावे. बोलण्याची सक्ती नसते, नुसते ऐकले तरी चालते. प्रार्थना म्हटली जाते, पण संघटना कोणत्याही धर्माशी बांधलेली नाही. निघण्यापूर्वी दोन-तीन सदस्यांचे फोन नंबर मात्र आठवणीने घ्यावेत, कारण प्यावेसे वाटेल ती वेळ मीटिंगची नसेल. एका गटात मन रमले नाही तर दुसरा पाहावा.

पत्नी, आई-वडील, भावंडे यांच्यासाठी अल-अनॉन ही स्वतंत्र संघटना आहे. घरातला माणूस अजून पीत असला, किंवा मीटिंगला यायला नकारच देत असला, तरी तिथे जाता येते. तिची वेळ आणि जागाही अशीच आधी फोनवर नक्की करून घ्यावी.